अंगाने पोकळ, सुराला पक्की

नाव रेड स्पेशल, पण क्वीन या रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे तिला मायेने ‘ओल्ड लेडी’ म्हणतो. वय साठीच्या पुढे. वर्ण तांबूस, अंगावर जागोजागी खरचटल्याच्या खुणा. 1963 साली लंडनच्या कडेच्या फेल्टममध्ये ब्रायन आणि त्याचे वडील हॅरॉल्ड यांनी तिला घडवायला घेतलं, तेव्हा ब्रायन 16 वर्षांचा होता. दुकानातली इलेक्ट्रिक गिटार परवडणारी नव्हती. वडील इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार आणि हाताचे कसबी. तिला उभं राहायला दोनेक वर्षं लागली.

तिची मान एका जुन्या शेकोटीवरच्या महोगनीच्या फळीतून कोरलेली. किड्यांनी त्या लाकडाला पाडलेली भोकं आगकाड्यांनी बुजवली. धडाच्या गाभ्याला जुन्या टेबलाचं ओक, वरून महोगनीचा पातळ पापुद्रा. मानेवरचे पांढरे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. हे ऐकून लोक ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून कौतुक करतात. मला ते कौतुक अपुरं वाटतं. बापलेकांनी प्रत्येक वस्तू तिचा गुण ओळखून निवडली होती.

तिचा ट्रेमोलोच पाहा. दांडा दाबला की तारा सैल पडतात, सूर खाली घसरतो. सोडला की सूर मूळ जागी परतायला हवा. त्या काळच्या बऱ्याच गिटारी इथेच बेसूर व्हायच्या, कारण वाटेतल्या घर्षणाने तार अडकायची. म्हणून या दोघांनी सगळी यंत्रणा पोलादी सुरीच्या धारेवर तोलली, तराजूची दांडी तोलावी तशी. तारांचा ताण पेलायला 1928 सालच्या पँथर मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बसवल्या. घोडीवर तारांखाली फिरत्या चकत्या दिल्या, म्हणजे तार घासण्याऐवजी सरकते. दांडा सायकलच्या सॅडलबॅगच्या आधाराचा, त्याच्या टोकाला आईची विणायची सुई. कुठल्याही कारखान्याने अभिमानाने मिरवावं असं हे काम आहे.

आणि तिचं धड पोकळ आहे. भरीव लाकडापेक्षा वजन कमी झालंच, पण खरा हेतू वेगळा होता. स्पीकरमधून येणाऱ्या आवाजाने तिचं अंग थरथरावं, त्या थरथरीने तार पुन्हा छेडली जावी आणि सूर लांबत राहावा, अशी ब्रायनची इच्छा होती. वरच्या बाजूला एक नक्षीदार खाचही पाडायची होती, ती राहूनच गेली. तारांची थरथर टिपणारे पिकअपही आधी घरीच गुंडाळले होते. पण तार आडवी खेचली की त्यांतून विचित्र आवाज यायचा. मग बर्न्स कंपनीचे तीन आणले आणि आतली वेटोळी शिट्टीसारखा कर्कश आवाज करू नयेत म्हणून त्यांत एपॉक्सी भरलं. प्रत्येक पिकअपला दोन बटणं: एक चालू-बंद करायला, दुसरं त्याची लहर उलटवायला. तिच्या एका गळ्यातून इतके आवाज निघतात ते या बटणांच्या जुळण्यांमुळे. तार छेडायला ब्रायन सहा पेन्सचं नाणं वापरतो. त्याच्या दातेरी कडेमुळे सुराच्या सुरुवातीला किंचित खरखर येते.

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फारुख बुलसाराचा, म्हणजे क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरीचा आवाज जगाने ऐकला तो हिच्या सोबतीने. 1985 साली ती वेम्ब्लीत ‘लाइव्ह एड’ मैफलीत वाजली, 2002 साली बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर. मधे 1998 साली ऑस्ट्रेलियातले कारागीर ग्रेग फ्रायर यांनी तिची मोठी डागडुजी केली.

क्वीनचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुन्हा ऐकाल तेव्हा गाणं थांबून गिटार पुढे येते तो भाग जरा मोठ्या आवाजात लावा. ती एका शाळकरी मुलाने बापासोबत हाताने केलेली गिटार आहे, आणि माझ्या मते त्या गाण्यात फ्रेडीच्या बरोबरीने गाते.