वसईची भिंत, नाशिकची घंटा

जासई, सोमवार रात्र
पाय दुखतायत. दास्तान फाट्याजवळ कंटेनरच्या रांगेत तासभर अडकलो. रिक्षा ८०, चहा १५, हुतात्मा स्मारकासाठी हार ४०.

जेवायला तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण. स्मारक १९८४ च्या गोळीबाराचं: त्या वर्षी १६ आणि १७ जानेवारीला या भागात भूसंपादनाविरुद्ध उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. लढ्याचे नेते दि. बा. पाटील याच गावचे. मी उतरलोय त्या घरातले आजोबा तेव्हा मोर्चात होते. मी उद्या वसईला पडकी चर्चं बघायला जाणार म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "तिथं मेलेल्यांची नावं लिवलीत का?"

वसई, मंगळवार
गाडी उशिरा. पाणी २०, लॉज ९००. पाय तसेच.

वसई, बुधवार
दिवसभर किल्ल्यात. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मराठा फौजेनं सुरुंग लावून सॅन सेबॅस्टियन बुरूज फोडला. तह झाला, पोर्तुगीज सैन्य हत्यारांसह बाहेर पडलं. आतली चर्चं काही युद्धानं खचली, पण जास्त झीज त्यानंतरच्या ओसाडीनं केली. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये छप्पर नाही, फरशीवर थडग्यांचे दगड, त्यांवर पोर्तुगीज नावं. ती सरदार-धनिकांची. चिमाजी अप्पांचं स्मारकही आहे. पण वेढ्यात दोन्ही बाजूंचे जे हजारो पडले त्यांचं एकही नाव मला सापडलं नाही. आजोबांचा प्रश्न दिवसभर सोबत होता. पुरातत्त्व खात्यानं भिंती राखल्या हे मोठंच काम. तरी माणसांशिवाय राखलेली भिंत मला अपुरी वाटते. निदान एक फलक हवा, मराठी आणि पोर्तुगीज दोन्हींत.

बाहेर लाल लुगड्यातली एक मावशी सुकेळी विकत होत्या. त्यांनी मला थेट गोन्सालो गार्सियांच्या चर्चकडे पाठवलं. वसईत जन्मलेले, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेलेले संत. "त्यांचं नाव आम्ही इथं लहान पोरांना शिकवतो, बाळा," म्हणाल्या. पाव किलो घेतली, दोन जास्तीची त्यांनी वर टाकली. हरलेल्या युद्धानंतरही एवढं जिवंत राहिलंय, हे बघून बरं वाटलं.

गुरुवार
प्रवास. भाडं २१०, वडापाव ४०.

नाशिक, शुक्रवार
नारोशंकराच्या देवळावरची घंटा पाहिली. १७२१ ची, पोर्तुगीज ओतकामाची, वसईच्या विजयाची खूण म्हणून इथं आलेली. गोदेच्या काठी शाळेची मुलं तिच्याखाली डबे खात होती. गुरुजी त्यांना विजय सांगत होते, मी थांबून मुलांना वसईच्या चर्चबद्दलही सांगितलं. गुरुजी शांतपणे ऐकत राहिले, मुलांनी प्रश्न विचारले. उद्या वाईजवळ मेणवली, तिथंही वसईचीच घंटा आहे म्हणतात.