कचारगडच्या वाटेवर, कंगालींचे बोट धरून

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी गाडी आमगाव, सालेकसा मागे टाकते, तसे दोन्ही बाजूंचे डोंगर रुळांजवळ सरकू लागतात. दरेकसा आले की उतरायचे. थोडे पुढे गेले की छत्तीसगड. माघ पौर्णिमा उद्यावर होती आणि डब्यात पिवळ्या फेट्यांची, पिवळ्या दुपट्ट्यांची दाटी. कोणी आदिलाबादकडचे, कोणी मंडल्याचे, कोणी बस्तरचे. तेलुगू, हिंदी, छत्तीसगडी, आपली झाडीपट्टीतली मराठी, सगळे एकाच बाकावर. पण "जय सेवा" म्हणून झाल्यावर पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच : "तुम्ही किती देवांचे?" चार, पाच, सहा की सात. उत्तर मिळाले की समोरचा भाऊबंद की सोयरा, हे ठरते. कारण सारख्या देवसंख्येच्या कुळांत लग्न होत नाही. शेकडो मैलांवरून आलेली अनोळखी माणसे एका आकड्यावर नाते जुळवतात, हे मी त्या डब्यात पाहिले.

ही व्यवस्था लावून दिली धर्मगुरू पारी कुपार लिंगोने, आणि तिची सुरुवात कचारगडच्या गुहेत झाली, अशी गोंडांची श्रद्धा आहे. कली कंकालीची तेहतीस मुले शंभूने गुहेत कोंडली आणि तोंडावर प्रचंड शिळा लोटली. मुलांना सोडवायला लिंगो आला, रायताड जंगो आली आणि हिरासुका पाटालीर नावाचा वादक आला. त्याच्या वाद्याच्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ संचारले, त्यांनी शिळा ढकलली. मुले सुटली, हिरासुका मात्र त्याच शिळेखाली गेला. पुढे लिंगोने या तेहतीस जणांना शिष्य करून कोया पुनेमची, म्हणजे गोंडांच्या धर्माची, शिकवण गावोगाव पाठवली.

ही कथा शतकानुशतके गोंडांच्या परधान गायकांच्या गळ्यात आणि किंगरीच्या तारांत राहिली. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचे गीत लिहून घेतले. १८६३ साली हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडाले, आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. त्यात गुहाही आहे, शिळाही आहे. पण ते पुस्तक इंग्रजीत. ज्यांची कथा, त्यांच्या हाती ते कसे पडणार?

ते काम केले मोतीरावण कंगाली यांनी. रामटेक तालुक्यातल्या दुलारा गावी १९४९ साली जन्मलेला हा माणूस नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करी आणि उरलेले आयुष्य गोंडी भाषेला देई. शब्दकोश, व्याकरण, देवस्थानांची माहिती आणि 'पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन' हा ग्रंथ. त्यांनी बरेचसे हिंदीत लिहिले, कारण चार-पाच राज्यांत विखुरलेल्या समाजापर्यंत त्यांना पोचायचे होते. सिंधू लिपी गोंडीतून वाचता येते, हा त्यांचा दावा लिपितज्ज्ञांनी मान्य केलेला नाही, मलाही तो पटत नाही. पण गीतांतले कचिकोपा लोहागड म्हणजेच हे कचारगड, असे मानून १९८०च्या दशकात ते मोजक्या सोबत्यांसह या डोंगरात येऊ लागले, आणि त्यातून आजची यात्रा उभी राहिली. लेखकाच्या लेखणीने लोकांना पुन्हा त्यांच्या डोंगरावर आणले, असे उदाहरण आपल्याकडे दुसरे चटकन आठवत नाही.

धनेगावपासून चढ सुरू होतो. पायथ्याशी सप्तरंगी झेंडा, पुस्तकांची दुकाने. हो, पुस्तकांची! नारळ-फुलांच्या शेजारी गोंडी शब्दकोश आणि लिपीची पाटी मांडलेली जत्रा मी प्रथमच पाहिली. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये घडवलेली ती लिपी एक बाप मुलीला बोटाने गिरवून दाखवत होता.

मोठ्या गुहेत शिरल्यावर बोलणे आपोआप थांबते. वर छताला भगदाड आहे, त्यातून उजेडाचा झोत खाली उतरतो. 'आशियातली सर्वात मोठी नैसर्गिक गुहा' असे इथे अभिमानाने सांगतात. व्हिएतनाममधली सोन डूंग याहून कितीतरी मोठी आहे; पण कचारगडची थोरवी लांबी-रुंदीत नाहीच. एका म्हाताऱ्या आजींनी आत हळद वाहिली, कपाळ दगडाला टेकले आणि नातवाला म्हणाल्या, "इथूनच निघालो आपण." त्यांना कोणत्याही दाव्याची गरज नव्हती.

कंगाली ३० ऑक्टोबर २०१५ रोजी गेले. २०११च्या जनगणनेत जवळपास तीस लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली, तरी ती अजून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. विदर्भातल्या गावांची, नद्यांची, देवांची कितीतरी नावे या भाषेने दिली आणि तरी आम्ही मराठी वाचक तिच्या लेखकांना ओळखत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. कचारगडला सहलीसाठी जाऊ नका. माघात जा, गुहेत शिरण्याआधी चपला काढा, आणि परतताना पायथ्याच्या दुकानातून कंगालींचे एक पुस्तक विकत घ्या.