जमा, नावे आणि लावे

बँकेत माणसं कर्ज मागायला येतात आणि जाताना आमच्या डोक्यात भलत्या कल्पना ठेवून जातात. गेल्या वर्षी एका गृहस्थांनी लावापालनासाठी अर्ज केला. लावा म्हणजे हिंदीतला बटेर. रानातला लावा धरणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. हा पाळीव जपानी लावा. मादी सहा-सात आठवड्यांची झाली की अंडी घालू लागते, वर्षाला अडीचशेच्या आसपास! साहेबांनी तो अर्ज नामंजूर केला. मी मनातल्या मनात मंजूर केला. बी.कॉम. झालेल्या माणसाला गुणाकाराचा मोह आवरत नाही.

चोवीस अंडी घरी आली. करड्या ठिपक्यांची, जेमतेम दहा-दहा ग्रॅमची.

"यांची आई कुठाय?" हिनं विचारलं.

"पाळीव लावी सहसा अंड्यांवर बसत नाही. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या यंत्रात उबवल्यामुळे ती सवयच गेली तिची."

"मग बसणार कोण?"

"मी."

ही हसली नाही. नुसतं "बघू हं" म्हणाली. लग्नाला वीस वर्षं झाली की "बघू" या शब्दाचा अर्थ कळायला लागतो.

थर्माकोलची पेटी, चाळीसचा दिवा, छोटा पंखा, थर्मोस्टॅट आणि ओलाव्यासाठी पाण्याची वाटी असा संसार मी मांडला. तापमान साडेसदतीस अंश. अंडी दिवसातून निदान तीनदा फिरवायची, म्हणून एका बाजूला पेन्सिलीनं 'जमा' आणि दुसऱ्या बाजूला 'नावे' लिहिलं. पण अंड्यांवर निसर्गानंच एवढी शाई सांडलेली, की माझ्या नोंदी मलाच दिसेनात. दोन दिवस निम्मी अंडी जमेला आणि निम्मी नावेला पडून होती.

मी रात्री दोनचा गजर लावून उठू लागलो. तिसऱ्या रात्री अंधारातून आवाज आला, "अहो, आदित्य लहान असताना एकदा तरी असे उठला असतात!"

याला उत्तर नव्हतं. तेव्हा मी बढतीच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो. परीक्षाही पास झालो नाही, हा भाग वेगळा.

अकराव्या रात्री वीज गेली. पारा उतरायला लागला तसा मी देवाचं नाव घ्यायला लागलो. ही न बोलता उठली, गरम पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि ट्रंकेतून एक जुनं दुपटं काढून पेटीभोवती गुंडाळलं. दुपटं आदित्यचं होतं. अठरा वर्षं ते घरात होतं, हे मला ठाऊकही नव्हतं.

चौदाव्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत, पेटी उघडायची नाही. सतराव्या दिवशी आतून चिवचिव ऐकू आली. अठराव्या दिवशी अंगठ्याएवढी तेरा पिल्लं बाहेर आली. चोवीसातून तेरा! शाखेत एवढी तफावत निघाली असती तर रात्रभर कुणी घरी गेलं नसतं. इथे मात्र आम्ही तिघं जमिनीवर बसून टाळ्या वाजवत होतो.

मग नवे धडे. वर्तमानपत्रावर पिल्लांचे पाय घसरून फाकतात, म्हणून खाली खरबरीत कापड घातलं. पाण्याच्या बशीत ती बुडून मरतात, म्हणून त्यात गोट्या टाकल्या. गोट्या आदित्यनं शोधून दिल्या, स्वतःच्याच. पहिल्या आठवड्यात ऊब पस्तीस अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत न्यायची. एकदम काढली तर पिल्लं टिकत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात छातीची पिसं फुटली. नराची छाती साधी तांबूस, मादीची ठिपकेदार. तेरापैकी नऊ छात्या तांबूस निघाल्या. अडीचशेचा गुणाकार मी मुकाट्यानं खोडला.

चौथ्या आठवड्यात दिवा काढला. त्याच आठवड्यात आदित्य इंजिनिअरिंगसाठी पुण्याच्या वसतिगृहात गेला. पिल्लांची ऊब आम्ही अंशाअंशानं उतरवली होती. आमच्यासाठी तशी सोय कुणी केली नव्हती.

त्या रात्री दोन वाजता सवयीनं जाग आली. उठलो, तर पाय पेटीकडे न जाता त्याच्या खोलीकडे वळले. रिकाम्या खाटेपाशी ही आधीच उभी होती.

"झोपा आता," ती हळूच म्हणाली. "फिरवायचं काही उरलं नाही."