माशांचे पैसे

होनोलुलूच्या विमानतळावर उतरले आणि एका हसऱ्या मुलीने "अलोहा!" म्हणत माझ्या गळ्यात फुलांचा हार घातला. मी तर हरखूनच गेले! गाडीत बसल्यावर भाचा हळूच म्हणाला, "मावशी, त्या हाराचे पैसे मी आधीच भरले होते." माझा अर्धा आनंद तिथेच मावळला. अलोहा म्हणजे स्वागत, निरोप आणि प्रेम, हे मी वाचले होते. त्याला बिल जोडलेले असते, हे मात्र वाचनात आले नव्हते.

"खरा अलोहा पाहायचा असेल तर मोलोकाईला चल," भाचा हसून म्हणाला.

मोलोकाई हे हवाई बेटांपैकीच एक. सुमारे ३८ मैल लांब, १० मैल रुंद आणि वस्ती सात-एक हजारांची. साऱ्या बेटावर रहदारीचा एकही सिग्नल नाही. भाच्याच्या ओळखीच्या एका घरी आम्ही आठ दिवस उतरलो. दारात चपलांची रांग पाहून मला एकदम घरच्यासारखे वाटले. तिथेही चपला बाहेर काढूनच घरात जातात. शेजारी एक म्हातारी राहत असे. सगळे तिला आंटी म्हणत. नाते असो वा नसो, तिथे वडीलधारी बाई ती आंटी आणि पुरुष तो अंकल.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो दाराच्या कडीला एक पिशवी! आत हिरव्या पानांत गुंडाळलेले दोन ताजे मासे. मी रत्नागिरीची, मासे आपल्या बोयच्या जातीचे आहेत हे चटकन ओळखले. आंटीनेच ठेवले होते. दुपारी त्यांचा समाचार घेतला आणि वीस डॉलरची नोट घेऊन मी तिच्याकडे गेले. कुणाचे फुकट खाऊ नये, ही आपली शिकवण!

नोट पाहताच आंटीच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. "मासे आवडले नाहीत?" तिने विचारले.

"आवडले, म्हणून तर..."

तिने माझी मूठ मिटली. "चल, मासे कुठून येतात ते दाखवते."

बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर उथळ समुद्रात दगडी भिंती घालून केलेली तळी आहेत, शेकडो वर्षांपूर्वीची. भिंतीत लाकडी गजांचे एक दार असते. लहान मासे गजांमधून आत येतात, खाऊन-पिऊन जाड होतात आणि मग त्याच गजांमधून त्यांना बाहेर पडता येत नाही. हे दगड माणसांनी रांग धरून हातोहात पोचवलेले. पडझड झाली की आजही लोक जमून भिंत सावरतात.

"यातला एकट्याने बसवलेला एक तरी दगड दाखव," आंटी म्हणाली. "मग मासे माझ्या एकटीचे कसे? आणि पैसे मी कशाचे घेऊ?"

मी ओशाळून नोट पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी ती आम्हाला उत्तरेच्या कड्यावर घेऊन गेली. खाली खोल समुद्रात घुसलेली जमिनीची जीभ दिसत होती. तेच कालाऊपापा. १८६५ साली कायदा झाला आणि १८६६ पासून कुष्ठरोग्यांना घरातून उचलून तिथे आणून सोडू लागले. तीन बाजूंना समुद्र, चौथीला हा कडा. सुमारे ८,००० माणसे तिथे गेली. १८७३ साली त्यांच्या सेवेला आलेले फादर डेमियन त्याच रोगाने १८८९ साली गेले. सक्तीचा एकांतवास संपायला १९६९ साल उजाडले. डेमियन यांचे नाव आपल्यालाही परके नाही. आनंदवनच्या बाबा आमट्यांना १९८३ साली डेमियन-डटन पुरस्कार मिळाला होता.

भाचा सांगू लागला, "मावशी, १९८६ साली इथल्या सरकारने अलोहाचाच कायदा केला. कनवाळूपणा, एकोपा, गोडवा, नम्रता आणि धीर, ही त्याची पाच अंगे."

"प्रेमाचा कायदा?" मला हसू आले.

आंटी हसली नाही. खाली पाहत म्हणाली, "माझ्या आजीची आई तिथे गेली."

"रोग झाला होता?"

"तिला नाही, नवऱ्याला. तिला कुणीही जायला सांगितले नव्हते. लहानगी लेक बहिणीच्या ओटीत घातली आणि गेली. परत आली नाही. अशा सोबत्यांना आमच्यात कोकुआ म्हणतात, मदतीला जाणारे." थोडे थांबून ती म्हणाली, "कायद्याने माणसे खाली पाठवली. प्रेम आपण होऊन मागून गेले."

परतताना कुणीच बोलले नाही. त्या रात्री मला झोप लागेना. आमची आई शेजारणीचे भांडे कधी रिकामे परत करीत नसे. वाटीभर साखर तरी त्यात घालीच. भांड्यात पैसे घालावेत असे मात्र तिला स्वप्नातही सुचले नसते. वीस डॉलरची नोट काढताना मी नेमके तेच विसरले होते.

दुसऱ्या दिवशी मी नारळ खवला, वड्या थापल्या आणि तीच पिशवी भरून पहाटे आंटीच्या कडीला अडकवून आले.

निघताना तिने परसातल्या चाफ्याचा हार माझ्या गळ्यात घातला. त्याचे पैसे कुणी भरले, हे या वेळी भाच्याला विचारावे लागले नाही.