नावं ठेवणं

पंचाहत्तरी आली आणि मी पायथॉन शिकायला घेतलंय. साप नव्हे, कॉम्प्युटरची भाषा. मलाही आधी सापच वाटला होता. पण भाषेचे कर्ते गिडो व्हान रॉसम यांनी हे नाव 'मॉण्टी पायथॉन' या विनोदी ब्रिटिश कार्यक्रमावरून ठेवलं, असं नातवाने सांगितलं. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. रविवारी दादरला आमच्याकडे येतो, माझ्या हातचं थालीपीठ खातो आणि त्या बदल्यात शिकवतो.

मला गंमत वाटली ती त्या लोकांच्या नावं ठेवण्याच्या सवयीची. उदाहरणात आपण 'क्ष' आणि 'य' घेऊ, तिथे ते 'स्पॅम' आणि 'एग्ज' घेतात. नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असले की त्याला म्हणायचं 'डंडर'. एक चिन्ह आहे, विसर्गासारखी दोन टिंबं आणि पुढे बरोबरची खूण. त्याला 'वॉलरस' म्हणतात, कारण मान वाकडी करून पाहिलं तर दोन डोळे आणि दोन सुळे दिसतात. मला पटकन आमचा वर्ग आठवला. पोटफोड्या ष, 'त'चा पाय मोड, वरती रफार दे... आपणही काही कमी नाही. या वॉलरसवरून मात्र २०१८ साली इतका वाद झाला की गिडोसाहेबांनी अंतिम निर्णय द्यायचं कामच सोडून दिलं. शुद्धलेखनावरून भांडणं फक्त मराठीतच होतात असं मी इतकी वर्षं समजत होते!

नावं देवनागरीतही देता येतात हे कळल्यावर मी लगेच 'एकूण_गुण' असं नाव दिलं. साधं नाव सगळं लहान लिपीत लिहायचं आणि शब्द अंडरस्कोरने जोडायचे, असा त्यांचा रिवाज आहे. आपल्याकडे लहान-मोठी लिपीच नाही, त्यामुळे अर्धा नियम पाळायचा प्रश्नच मिटला.

तर झालं असं की माळ्यावर मुलाचं इंजिनिअरिंगच्या वेळचं जुनं पायथॉनचं पुस्तक सापडलं. त्यात पाहून मी 'प्रिंट' लिहिलं आणि पुढे अवतरणात वाक्य. कॉम्प्युटरने चूक दाखवली. मराठीत सांगायचं तर तो म्हणाला, "प्रिंटचे कंस राहिलेत. तुम्हाला कंसासकट लिहायचं होतं का?"

नातू हसला. "अगं आजी, हे पुस्तक दोनच्या काळातलं आहे. आता तीन चालू आहे." मग त्याने सगळं सांगितलं. डिसेंबर २००८ मध्ये तीन आलं आणि 'प्रिंट'ला कंस सक्तीचे झाले. फरक एवढासा, पण जगभरचे जुने प्रोग्रॅम अडले. म्हणून जुन्या २.७ ची देखभाल चालू ठेवली. ती २०१५ पर्यंतच करायची ठरली होती, लोकांची सोय पाहून २०२० पर्यंत वाढवली. २.८ कधीच येणार नाही हे सांगणारं एक पत्रक काढलं आणि त्याला मुद्दाम क्रमांक दिला ४०४, म्हणजे इंटरनेटवर 'पान सापडत नाही' याचा आकडा. एखादी पद्धत बंद करायची असली की आधी 'डेप्रिकेटेड' म्हणतात. म्हणजे अजून चालतं आहे, पण सवय सोडायला लागा. आणि गंमत म्हणजे ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ३.१४ मध्ये (पायची किंमत!) एका ठिकाणचे कंस पुन्हा ऐच्छिक केलेत.

आपल्याकडेही जुनं असं चालत राहतंच. व्हीटीचं १९९६ साली सीएसटी झालं, २०१७ मध्ये 'महाराज' जोडून सीएसएमटी झालं. आमच्या वयाचे लोक अजून व्हीटी म्हणतात आणि टॅक्सीवाला बरोबर नेतो. ना. म. जोशी मार्गाला डिलाईल रोड म्हटलं म्हणून कुणी रागावत नाही.

मी रागावले होते.

१९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम आले, १९७२ मध्ये आणखी ४. 'नांव', 'कांहीं', 'घरांत' यांतली न उच्चारली जाणारी टिंबं गेली. मी स्वतः लहानपणी ती टिंबं देऊनच लिहायला शिकले होते. पण बी. ए. होऊन परळच्या शाळेत लागले तेव्हा मी नव्या नियमांची अगदी कट्टर होते. (आता इथे मी 'केलं', 'गेलं' असं बोलल्यासारखं लिहितेय, त्यावरही कुणी लाल पेन काढेल.)

१९७६ असेल. पाचवीतला एक मुलगा दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी वडिलांची चिठ्ठी घेऊन आला. वडील गिरणीत होते. कोकणात गावी व्हर्नाक्युलर फायनल झालेले. अक्षर अगदी मोत्यासारखं. "मुलाला ताप होता. त्यामुळें तो शाळेंत येऊं शकला नाहीं. तरी रागावूं नये."

मी लाल पेनाने पाच टिंबांभोवती पाच गोल काढले आणि चिठ्ठी त्याच्या हातात परत दिली. सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "बाबांना सांग, आता असं लिहीत नाहीत." मुलं हसली. तो "हो बाई" म्हणाला आणि चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली. ताप उतरला का, हे मी विचारलं नाही.

पुढच्या चिठ्ठ्या मुलाच्याच अक्षरात यायला लागल्या. एकही जादा टिंब नाही, खाली फक्त वडिलांची सही. मी त्याच्या शुद्धलेखनाचं कौतुक केलं! त्या माणसाने लिहायचं थांबवलं, हे मला कितीतरी वर्षांनी लक्षात आलं. तोवर १९८२ चा संप होऊन गेला होता. चाळीतली कितीतरी बिऱ्हाडं गावी गेली, त्यांचंही गेलं.

१९६२ ते १९७६ म्हणजे १४ वर्षं. पायथॉनवाल्यांनी जवळपास तेवढाच वेळ दिला, हे मी मनातल्या मनात मोजून पाहिलं. पण त्या गिरणी कामगाराला नियम बदलल्याचं कुणी कळवलं होतं? माझ्या पाच गोलांआधी बहुधा कुणीच नाही. आणि मी "तुम्हाला असं लिहायचं होतं का?" असं विचारलं नव्हतं.

नातू गेल्यावर मी पुन्हा बसले. 'प्रिंट' लिहिलं, या वेळी कंस आठवणीने दिले, आत अवतरणात ती चिठ्ठी टाईप केली. अवतरणातल्या मजकुराला तो हात लावत नाही. पाचही टिंबांसकट जशीच्या तशी स्क्रीनवर आली.