दुधाची पिशवी आणि वेफर्सचं पाकीट

आमच्याकडे आई दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून ठेवते. रद्दीवाला त्या वजनावर नेतो. वेफर्सच्या पाकिटाला मात्र हातही लावत नाही. का, माहितीये? दुधाची पिशवी म्हणजे नुसतं पॉलिथिन, वितळवलं की पुन्हा दाणे तयार. पाकिटात वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर चिकटलेले; ते सुटे करणं परवडत नाही. २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत सरकारने दुधाच्या पिशवीला सूट देताना किमान ५० पैसे परतीची किंमत छापायला सांगितलं. आमच्या दुकानदाराला विचारलं, तर तो नुसताच हसला. असो! वेफर्सवाल्या कंपन्यांवरही पाकिटं गोळा करायची जबाबदारी नियमाने आहेच. पण त्यांना पिशवीसारखा भाव नसेल, तर कचरा वेचणारी बाई ती उचलेल कशाला?