हातभार

गेल्या दिवाळींत टोरांटोहून आमचे थोरले चिरंजीव सहकुटुंब घरीं आले होते. रात्रीं जेवणें आटोपून मंडळी ओसरीवर बसली असतां चांद्रयानाच्या गोष्टी निघाल्या, आणि आमच्या धाकट्या बंधूंनीं नातवास सहज डिवचलें, "आमचें यान २०२३ सालीं चंद्रावर उतरलें. तुझ्या कॅनडानें काय केलें रे?" नातू तत्काळ उत्तरला, "माणसांना घेऊन चंद्रावर पहिल्यानें टेकलेले पाय आमचेच होते!" सर्व मंडळी हंसली. आम्हीही हंसलों. पुढें शोध घेतला तेव्हां मात्र कळलें कीं, मुलाचें म्हणणें अक्षरशः खरें होतें.

१९६९ सालीं मनुष्यास चंद्रावर उतरविणाऱ्या अमेरिकन यानाचे पाय माँट्रियलनजीकच्या एका कारखान्यांत घडले होते. यानाचा वरचा भाग वीरांस घेऊन निघाला. पाय तेथेंच उभे राहिले.

या गोष्टीचा पूर्वभाग मात्र दुःखद आहे. कॅनडांत 'ॲव्ह्रो ॲरो' नांवाचें अतिवेगवान लढाऊ विमान सिद्ध होत होतें. २० फेब्रुवारी १९५९ रोजीं सरकारनें तें काम एकाएकीं बंद केलें. एका दिवसांत सुमारे १४,००० माणसें बेकार झालीं. तयार विमानेंसुद्धां मोडून टाकण्यांत आलीं. तेथील तीसएक इंजिनियर अमेरिकेच्या नासा या नव्या संस्थेनें उचलले. त्यांपैकीं जिम चेंबरलिन हे 'जेमिनी' यानाचे प्रमुख रचनाकार झाले, आणि ओवेन मेनार्ड यांनीं चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या रचनेंत मोठा वांटा उचलला. बुद्धि कॅनडाची, नांव झालें अमेरिकेचें.

परंतु तो देश रुसून बसला नाहीं. २९ सप्टेंबर १९६२ रोजीं त्याचा 'अल्वेट' आकाशांत गेला. अग्निबाण अमेरिकेचा होता, उपग्रह मात्र घरचा. अमेरिका व रशिया यांखेरीज स्वतःचा उपग्रह स्वतः रचून घडविणारें हेंच पहिलें राष्ट्र. वर्षभर टिकावा म्हणून केलेला तो उपग्रह दहा वर्षें राबला. पुढें १९७२ सालीं दूरच्या बर्फाळ वस्त्यांस जोडणारा दळणवळणाचा उपग्रह त्यांनीं सोडविला व त्यास 'अनिक' हें नांव दिलें. इन्युइट लोकांच्या भाषेंत याचा अर्थ भाऊ.

सर्वांत मोलाचा ठरला तो यांत्रिक हात. नोव्हेंबर १९८१ मध्यें अमेरिकेच्या अंतराळविमानावर तो प्रथम वापरला गेला. लांबी पन्नास फूट. पृथ्वीवर स्वतःचा भार उचलण्याचीही त्यास शक्ति नाहीं, पण जेथें वजनच उरत नाहीं तेथें तो कित्येक टनांचीं यंत्रें अलगद हलवी. १९९३ सालीं हबल दुर्बिणीची दुरुस्ती झाली ती या हाताच्या टोकाशीं उभें राहून. २००१ सालीं त्याचा धाकटा भाऊ अंतराळस्थानकावर गेला. त्यास दोन्ही टोकांनीं पकडतां येत असल्यामुळें तो सुरवंटासारखा स्थानकावरून चालतो.

एकत्र कुटुंबांत पंगतीच्या अग्रभागीं बसणारा एक असतो. परंतु ज्याच्या हातावांचून पंगत उठतच नाहीं, असाही एक असतो. कॅनडानें हें दुसरें स्थान पत्करलें, आणि तें कमीपणाचें मानलें नाहीं.

हें सर्व वाचतां वाचतां आमचें मन त्या १९५९ च्या दिवसाशींच घुटमळत राहिलें. चेंबरलिन यांचा अभिमान आज कॅनडा बाळगतो; बाळगावाच. परंतु ज्यांनीं त्यांस दार दाखविलें, त्यांस त्या अभिमानांत वांटा मागतां येईल काय? आमच्या चिरंजीवांनीं परदेशीं जाण्यापूर्वीं एक लहानसा कारखाना काढण्याचें ठरविलें होतें. भांडवल मागावयास ते आमच्याकडेच आले. "हे आपले उद्योग नव्हेत, नोकरी पाहा," असें सांगणारे आम्हीच. आणि आज त्यांचा हुद्दा आल्यागेल्यास कौतुकानें ऐकविणारेही आम्हीच!

निघण्याच्या आदल्या रात्रीं आम्हीं हें त्यांस बोलून दाखविलें. ते कांहीं वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बाबा, त्याचे नकाशे अजून माडीवरच्या ट्रंकेंत असतील."

ते आहेत. आमचा पुतण्या सध्यां कांहीं यंत्रें घेण्याचें म्हणत आहे. या खेपेस आम्हीं त्यास नोकरी पाहावयास सांगितलें नाहीं. ट्रंकेची किल्ली त्याच्या हातीं दिली आहे.